उकाड्यात गाई-म्हशी वारंवार उलटतात: बिघाड नेमका कुठे आहे ते कसं शोधायचं

तक्रार दर उन्हाळ्यात तीच असते. थंडीत एका-दोन रेतनांत गाभण राहणाऱ्या गाई उकाडा सुरू झाला की तीन-तीनदा भरवूनही उलटतात, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येतात. काही तर माजच दाखवत नाहीत. एखादी तपासणीत गाभण निघते आणि महिन्याभरानं पुन्हा माजावर दिसते. मग संशय एकेकावर फिरतो: आधी रेतन करणाऱ्याच्या हातावर, मग गोठवलेल्या वीर्याच्या कांडीवर, मग गाईच्या गर्भाशयावर. गर्भाशयात औषध सोडलं जातं, इंजेक्शनं होतात, क्षार मिश्रण बदललं जातं. तेवढ्यात हवा थंड होते, गाई राहायला लागतात आणि शेवटी जे काही केलं होतं त्याला श्रेय मिळतं. पुढच्या वर्षी तेच औषध आधीपासून सुरू होतं आणि तरीही गाई उलटतात.

याचं कारण असं की ‘उन्हाळ्यात गाभण राहत नाही’ ही एक तक्रार नसून चार-पाच वेगवेगळ्या बिघाडांचं एकत्र नाव आहे. उष्णता माज दाबते, बीजांड कमकुवत करते, दोन दिवसांचा गर्भ मारते, महिन्याचा गर्भही सोडायला लावते आणि पोटातल्या वासराची वाढ खुंटवते. प्रत्येकाचा उपाय वेगळा आणि प्रत्येकाची वेळही वेगळी. बहुतेक वेळा आपण ज्या दिवशी त्रास पाहतो, त्या दिवशी तो घडलेला नसतो. म्हणून औषधाकडे हात जाण्याआधी नोंदवहीकडे जावा.

आधी खात्री: हा उष्णतेचाच त्रास आहे का?

सगळ्यात सोपी चाचणी गोठ्यातच असते. त्याच महिन्यात, त्याच माणसाकडून, त्याच वीर्यानं भरवलेल्या कालवडी बघा. कालवड दूध देत नाही, त्यामुळे तिच्या शरीरात तयार होणारी उष्णता खूप कमी असते आणि ती उकाडा बऱ्यापैकी सोसते. कालवडी नेहमीसारख्या गाभण राहत असतील आणि भरपूर दूध देणाऱ्या गाईच उलटत असतील, तर दोष उष्णतेचा धरून चाला. कालवडीही उलटत असतील तर मात्र थांबा. तिथे कांडी, कांडी ठेवायचं पात्र, रेतनाची पद्धत, वळू किंवा संसर्ग यांपैकी काहीतरी आहे, आणि कितीही पंखे लावले तरी ते सुटणार नाही.

कांडीचं तर उकाड्यात विशेष बघावं लागतं. द्रव नायट्रोजन या दिवसांत लवकर उडतो, पात्राचं झाकण वारंवार उघडलं जातं, आणि कांडी वर काढून ‘कुठली आहे’ हे वाचण्यात गेलेले काही सेकंदही गरम हवेत महाग पडतात. वितळवण्याचं पाणी ३५ ते ३७ अंशांचं आहे हे तापमापी बुडवून बघा. बोटानं अंदाज घेऊन चालत नाही. नैसर्गिक पैदास करत असाल तर वळूचाही हिशोब धरा. शुक्राणू तयार व्हायला साधारण दोन महिने लागतात, त्यामुळे आज तापलेल्या वळूचा परिणाम पुढच्या आठवड्यांत दिसत राहतो, तो वरून कितीही उत्साही दिसला तरी.

हे बाजूला सारल्यावर तापमापी हातात घ्या. गाईचं गुदद्वारातलं तापमान एरवी ३८.५ अंशांच्या आसपास असतं. ते ३९.२च्या वर जायला लागलं की प्रजननाला धोका सुरू होतो. अर्धा-पाऊण अंश म्हणजे माणसाला काहीच वाटत नाही, पण भरवण्याच्या दिवशी गर्भाशय एवढंच तापलं तरी गर्भ राहण्याचं प्रमाण उतरतं. मोजमाप कधी घ्यायचं हेही महत्त्वाचं. दुपारी हवा सगळ्यात गरम असते, पण गाईचं अंग त्यानंतर काही तासांनी सर्वांत जास्त तापलेलं सापडतं. सकाळी धारेच्या वेळी मोजून ‘३८.६, सगळं ठीक’ अशी नोंद करणारे म्हणूनच फसतात. संध्याकाळी पाच-सहाला मोजा आणि जमलं तर रात्री दहाला पुन्हा. रात्रीचा आकडाही ३९च्या खाली येत नसेल तर जनावराला दिवसभराची उष्णता टाकायला वेळच मिळत नाहीये.

तापमापी नसेल तर श्वास मोजा. गाय बसलेली किंवा शांत उभी असताना बाजूला उभं राहून तिच्या कुशीकडे बघायचं, ३० सेकंद कुस किती वेळा वर-खाली होते ते मोजून दुप्पट करायचं. मिनिटाला ६०च्या वर गेलं म्हणजे ती उष्णतेशी झगडतेय. ८०च्या वर, लाळ गळतेय, मान पुढे ताणलेली, तोंड उघडं, असं दिसलं तर त्या दिवशी गाभण राहण्याची चर्चा बाजूला ठेवून आधी जनावर वाचवायचं बघा.

हवेचा अंदाज नुसत्या तापमानावरून घेऊ नका. ‘आमच्याकडे तर तीसच्या वर पारा जात नाही’ असं म्हणणारे आर्द्रता विसरतात. तापमान-आर्द्रता निर्देशांकाचं एक प्रचलित गणित असं आहे: तापमान गुणिले ०.८, अधिक आर्द्रतेची टक्केवारी भागिले १०० गुणिले (तापमान उणे १४.४), अधिक ४६.४. आता ३८ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता घातली तर उत्तर येतं ८१.५. आणि ३० अंश, ७० टक्के? ८१.३. दोन्ही दिवस गाईला जवळजवळ सारखेच. पूर्वी ७२ ही धोक्याची रेषा धरत, पण आजच्या भरपूर दुधाच्या गाईंना ६८पासूनच त्रास सुरू होतो. २५ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेलाही हे गणित ७१.७ देतं, म्हणजे आपल्याला पंखा लावावासा वाटायच्या आधीच गाईचा उन्हाळा सुरू झालेला असतो.

तारखा काय सांगतात

आता नोंदवही. भरवल्याची तारीख आणि पुन्हा माजावर आल्याची तारीख यांतलं अंतर काढा, एका गाईचं नाही, मागच्या काही महिन्यांतल्या सगळ्या उलटलेल्या गाईंचं.

१८ ते २४ दिवसांनी परत येणाऱ्या गाईत एक तर फलन झालंच नाही किंवा गर्भ पहिल्या दोन आठवड्यांतच मेला. या दोहोंतला फरक तारखेवरून कळत नाही. उष्णतेच्या त्रासात दोन्ही घडतात. अंतर २५ ते ३५ दिवसांचं किंवा असंच वेडंवाकडं येत असेल, तर गर्भ राहिला होता, गाईच्या शरीरानं तो ओळखलाही होता आणि नंतर गेला. ३६ ते ४८ दिवसांचं अंतर बघून मात्र गर्भपाताची भीती घालून घेऊ नका. बहुतेक वेळा तो दोन माजांचा हिशोब असतो, मधला माज आपल्या नजरेतून सुटलेला. उन्हाळ्याच्या नोंदींत असे आकडे भरपूर सापडले तर तुमचा खरा बिघाड गर्भाशयात नसून माज ओळखण्यात आहे. आणि ८-१२ दिवसांनीच ‘पुन्हा माजावर आली’ अशी नोंद असेल तर दोहोंपैकी एक माज चुकीचा ओळखला गेलाय किंवा बीजाशयावर गाठ आहे. पशुवैद्यकाचा हात तिथे लागतो.

गर्भ तपासणीत पक्की गाभण निघालेल्या गाई दोन-तीन महिन्यांनंतर गाभडत असतील तर सगळं खापर उन्हावर फोडू नका. एखादी गाय उष्णतेनं गाभडू शकते, पण पाठोपाठ तीन-चार गाभडल्या तर रक्त आणि वार तपासायला पाठवायलाच हवी. त्या वेळी पडलेला गर्भ आणि वार उघड्या हातांनी उचलू नये. काही संसर्ग माणसालाही होतात.

माजच दिसत नाही

उकाड्यात माज नाहीसा होतो असं नाही. तो आखडतो आणि रात्रीकडे सरकतो. तापलेल्या गाईला दुसऱ्या गाईवर उडी मारायचं त्राण नसतं. एरवी १५-१८ तास चालणारा माज १० तासांवर येतो, उड्या निम्म्यावर येतात, आणि ज्या मारते त्या रात्री दहा ते पहाटे पाचच्या मधे. सकाळी सातला गोठ्यात येणाऱ्याला काय दिसणार? आतमध्येही तेच चाललेलं असतं. बीजांड ज्यात वाढतं त्या पुटिकेतून इस्ट्रोजेन हे माजाचं संप्रेरक कमी निघतं, माजाची खूणच मंद होते. त्यात उकाड्यानं खाणं घटलेलं, दूध चालू, म्हणजे अंगातली शिल्लक वितळतेय. या अवस्थेत मेंदूकडून बीजाशयाला जाणारे इशारेही क्षीण होतात.

उपाय म्हणजे बघण्याची वेळ बदलणं. रात्री साडेदहाच्या सुमाराला आणि पहाटे उजाडायच्या आधी, प्रत्येक वेळी २०-३० मिनिटं, हातातलं दुसरं काम सोडून. शेण काढता काढता टाकलेली नजर माज बघण्यात धरत नाहीत. उडी दिसली नाही तरी मागच्या खुणा वाचता येतात: शेपटीच्या मुळाशी घासलेले केस, पुठ्ठ्यावर वाळून चिकटलेला पांढुरका सोट (माजाचा चिकट स्राव), निरणाला (योनीच्या बाहेरच्या भागाला) किंचित सूज आणि आतून ओलसर लाली, एकाएकी घटलेलं दूध. गाईच्या शेपटीवर रक्ताचा डाग दिसला तर माज दोन-एक दिवसांपूर्वी होऊन गेलाय. आता भरवून उपयोग नाही, पण तारीख लिहून ठेवा, कारण पुढचा माज साधारण १८-१९ दिवसांनी येईल आणि या वेळी तुम्ही जागे असाल. शेपटीच्या मुळावर खडूचा किंवा रंगाचा जाड पट्टा ओढून ठेवणं हा स्वस्त आणि इमानदार पहारेकरी आहे. रात्री दुसरी गाय अंगावर उडताना ही स्थिर उभी राहिली तर सकाळी पट्टा पुसलेला मिळतो. चालण्याची नोंद ठेवणारे पट्टे असतील तर उत्तमच. फक्त उन्हाळ्यात त्यांची इशारा देण्याची पातळी थोडी खाली आणावी लागते, नाहीतर यंत्रही आपल्यासारखंच झोपा काढतं.

म्हशीची गोष्ट आणखी अवघड. काळी कातडी ऊन शोषते, घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा खूपच कमी, आणि मुका माज, म्हणजे बाहेर खुणा न दाखवणारा माज, हा तिचा स्वभावच. म्हशी एकमेकींवर फारशा उडतही नाहीत. तिच्यात बघायचं ते हे: पुन्हा पुन्हा थोडं थोडं मूतणं, हंबरणं, अस्वस्थपणे कान टवकारून उभं राहणं, पान्हा चोरणं. सोट गाईसारखा लोंबत नाही. म्हैस बसली की खाली थारोळं पडतं, म्हणून ती उठल्याबरोबर तिची जागा बघायची, झाडून टाकायच्या आधी. नसबंदी केलेला रेडा सकाळ-संध्याकाळ फिरवता आला तर यासारखा दुसरा उपाय नाही, तो आपल्याला न दिसणारं हुंगून सांगतो. आणि डुंबायला पाणी द्या. दिवसातून दोनदा तास-दीड तास पाण्यात बसणारी म्हैस आणि दिवसभर पत्र्याखाली बांधलेली म्हैस यांच्या माजात उघड फरक दिसतो.

माज दिसला, वेळेवर भरवली, तरी उलटली

हा सगळ्यात वैताग आणणारा प्रकार, आणि इथेच सर्वाधिक औषधं वाया जातात.

गर्भाच्या बाजूनं बघितलं तर गाईच्या रेतनानंतरचे पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात नाजूक. या वेळी तो दोन, चार, आठ पेशींचा असतो आणि अजून स्वतःच्या जनुकांवर चालत नसतो. बीजांडानं दिलेल्या शिदोरीवर त्याचं भागत असतं. उष्णतेपासून पेशीला सांभाळणारी प्रथिनं त्याला अजून पुरेशी बनवता येत नाहीत. पाच-सात दिवसांचा झाला की तोच गर्भ तेवढीच उष्णता बऱ्यापैकी सोसतो. म्हणूनच सात दिवसांचा गर्भ दुसऱ्या गाईत सोडण्याच्या तंत्राला उकाड्यात रेतनापेक्षा चांगलं यश मिळतं. नाजूक आठवडा त्यानं दुसरीकडे काढलेला असतो.

पण बीजांडाची बाजू जास्त फसवी आहे. आज सुटणारं बीजांड आज तयार झालेलं नसतं. त्याची पुटिका दीड-दोन महिने आधीपासून वाढत असते, आणि त्या काळात जनावर तापलं असेल तर बीजांड जन्मतःच अशक्त निघतं. हवा थंड होऊन महिना झाला तरी गाई उलटत राहतात त्याचं कारण हेच. लोक मग म्हणतात, ‘आता तर गारवा आहे, म्हणजे गर्भाशयातच काहीतरी आहे.’ नाही. ती अजून उन्हाळ्यातलीच बीजांडं सोडतेय. दोन-तीन माज जाऊ द्यावे लागतात.

यावरून थंडावा कधी द्यायचा ते आपोआप ठरतं. भरवायच्या दिवशी गाईवर दोन बादल्या पाणी ओतणं म्हणजे देखावा. व्यायल्यानंतर ज्या गाई दोन महिन्यांत भरवायच्या आहेत, त्यांना व्यायल्यापासूनच गार ठेवायचं आणि भरवल्यानंतर किमान आठवडाभर त्यात खंड पडू द्यायचा नाही. सगळ्या गोठ्याला पुरेल एवढी सोय नसेल तर हीच टोळी आधी निवडा. रेतन माज सुरू झाल्यापासून साधारण १२ तासांच्या बेतानं हवं. उन्हाळ्यात माज आखूड असल्यानं आपण तो उशिरा बघतो, म्हणून ‘सकाळी दिसली तर संध्याकाळी’ हा नियम डोळे मिटून पाळू नका. रात्री बघितलंच नसेल आणि सकाळी सोट वाळायला लागलेला दिसला तर संध्याकाळची वाट बघण्यात अर्थ नसतो. भरवायला नेताना उन्हात चालवणं, रेतनासाठी तासभर उन्हात बांधून ठेवणं, भरवल्यावर लगेच गाडीत घालून दुसरीकडे हलवणं, हे तिन्ही प्रकार सर्रास होतात आणि तिन्ही टाळता येतात.

गार करणं म्हणजे नेमकं काय

सावली पहिली. प्रौढ गाईला चार-पाच चौरस मीटर सावली आणि छत साडेतीन मीटरच्या वर. बुटक्या पत्र्याखाली सावली असते पण पत्राच वरून भट्टीसारखा तापतो. वरून पांढरा रंग किंवा वाळल्या गवताचा थर दिला तरी फरक पडतो. पण आर्द्र हवेत नुसती सावली पुरत नाही.

गाईला गार करतं ते पाणी नव्हे, पाण्याचं उडून जाणं. त्यामुळे क्रम असा: मोठ्या थेंबांच्या फवाऱ्यानं पाठ कातडीपर्यंत भिजवायची, मिनिटभर पुरतं, मग पाणी बंद आणि चार-पाच मिनिटं जोराचा पंखा, मग पुन्हा. पंख्याचा वारा गाईच्या पाठीच्या उंचीवर सेकंदाला दोन मीटरपेक्षा जास्त लागायला हवा. छताला टांगलेला, वरची गरम हवा ढवळणारा पंखा इथे कामाचा नाही. फवारा बरोबर आहे का हे बघायला पाठीवरचे केस बोटांनी विंचरा. खालची कातडी कोरडी लागली तर तुम्ही फक्त केस ओले करताय. बारीक धुक्याच्या फवाऱ्यांत हाच घोळ होतो: कोरड्या हवेत धुकं आजूबाजूची हवा गार करतं, छान चालतं, पण दमट हवेत ते केसांवर बसून राहतं आणि गाय ओल्या घोंगडीत गुंडाळल्यासारखी आणखी तापते. पाणी कासेकडे ओघळेल एवढं ओतायचं नाही, नाहीतर गर्भ वाचवताना कासदाह पदरात पडतो.

जागा कुठली? जिथे गाई दाटीनं उभ्या राहतात ती, म्हणजे धारेआधीची थांबायची जागा. गोठ्यातला सगळ्यात गरम कोपरा तोच असतो आणि सगळ्यात दुर्लक्षितही. त्यानंतर गव्हाणीची रांग. बसायची जागा कोरडी ठेवा, तिथे वारा पुरे. आणि संध्याकाळी ऊन उतरलं म्हणून पंखे बंद करू नका. गाईचं अंग तेव्हाच सर्वाधिक तापलेलं असतं हे वर आलंच. वीज वाचवायची असेल तर सकाळच्या गार वेळेत वाचवा. काम होतंय का हे ठरवायची कसोटी एकच: गार करण्याच्या फेरीआधी आणि नंतर अर्ध्या तासानं त्याच गाईचा श्वास मोजा. आकडा खाली आला नाही तर यंत्रणा नुसता आवाज करतेय.

पाणी आणि वैरण

दुधाळ गाय उकाड्यात दिवसाला १०० लिटरच्या वर पाणी सहज पिते, आणि धार काढून झाल्या झाल्या सगळ्यात जास्त. उन्हातून येणाऱ्या नळीतलं पाणी हात घालून बघा. आपल्याला कोमट लागलं तर तिलाही तसंच लागतं. टाकीवर एकच दांडगी गाय ठाण मांडून बसते आणि पहिल्या वेताच्या गाई मागे राहतात, म्हणून एकाऐवजी दोन ठिकाणी पाणी ठेवा.

वैरणीचा मोठा वाटा संध्याकाळनंतर आणि पहाटे द्यायचा. रवंथाची उष्णता खाल्ल्यानंतर काही तासांनी चढते, ती दुपारशी गाठ पडायला नको. खाणं कमी झालं म्हणून खुराक वाढवून चारा तोडू नका. धापा टाकणारी गाय कर्बवायू घालवते, लाळ सांडते, पोटातला आम्ल सांभाळणारा सोडा तिच्याकडे कमी पडतो. अशा वेळी खुराकाचा मारा म्हणजे पोटात आम्ल वाढायला आमंत्रण, मग खुरांचा त्रास, मग लंगडी गाय माज तरी काय दाखवणार? दुधाळ मोठ्या गाईला रोज १५०-२०० ग्रॅम खाण्याचा सोडा, आणि घामावाटे जाणारं पोटॅशियम व मीठ भरून काढणारं क्षार मिश्रण, हे उपयोगी ठरतं. हेच मिश्रण आटवलेल्या (विण्याआधी धार बंद केलेल्या), व्यायला आलेल्या गाईला मात्र घालायचं नाही. तिच्यात सोडियम-पोटॅशियम वाढलं तर व्यायल्यावर दूधज्वराचा आणि कासेला सूज येण्याचा धोका वाढतो. जीवनसत्त्व ई आणि सेलेनियम यांची कमतरता असेल तर फायदा दिसतो, पण सेलेनियम जास्त झालं तर विष आहे. दोन वेगवेगळ्या पिशव्यांमधून नकळत दुप्पट जात नाही ना, तेवढं लेबल वाचून बघा.

इंजेक्शनांबद्दल

माज बघणं जमतच नसेल तर ठरलेल्या वेळी रेतनाचा कार्यक्रम कामाचा आहे: जीएनआरएच (बीजांड सुटायला लावणारं संप्रेरक), सात दिवसांनी प्रोस्टाग्लँडिन (माज आणणारं संप्रेरक), त्यानंतर दोन दिवसांनी पुन्हा जीएनआरएच आणि १६ ते २० तासांनी रेतन, माज दिसो वा न दिसो. उन्हाळ्यात माजावर न येणाऱ्या म्हशींत योनीत ठेवायचं प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचं साधन जोडलं तर जास्त बरं चालतं. हे सगळं पशुवैद्यकानं बीजाशय तपासून ठरवायचं. गाभण गाईला चुकून प्रोस्टाग्लँडिन दिलं तर ती गाभडते, म्हणून ‘माज येत नाही’ म्हणून थेट इंजेक्शन देण्याआधी ती गाभण नाही याची खात्री हवीच.

मर्यादा एवढीच लक्षात ठेवा की हा कार्यक्रम माजाचा प्रश्न सोडवतो, तापलेल्या बीजांडाचा आणि दोन दिवसांच्या गर्भाचा नाही. गोठा तसाच तापता ठेवून इंजेक्शनं दिली तर वेळेवर भरवलेल्या गाई वेळेवर उलटतील. दर उलटलेल्या गाईच्या गर्भाशयात प्रतिजैविक सोडण्याचं तर मला कारणच सापडत नाही. सोट काचेसारखा स्वच्छ असेल तर आत मारायला काही नसतं. ढगाळ, पुवाळलेला असेल तर उपचार करा.

शेळ्या-मेंढ्या आणि डुकरिणी

मेंढीतही भरवल्यानंतरचे पहिले दिवस गर्भासाठी नाजूक, पण तिथे दुसरा धक्का गाभणपणाच्या मधल्या आणि शेवटच्या टप्प्यात बसतो: वार लहान राहते, कोकरं हलकी जन्मतात. लोकर पूर्ण उतरवून भर उन्हात सोडणं चूक. थोडी लोकर उन्हाला अडवते. शेळ्या मेंढ्यांपेक्षा काटक, तरी दुपारचं चरणं बंद करून पहाटे आणि संध्याकाळी नेलेलं बरं.

डुकरिणीला घाम जवळजवळ येतच नाही. पिल्लं तोडल्यावर एरवी चार ते सात दिवसांत येणारा माज उकाड्यात लांबतो, आणि पहिल्या वेतवाल्यांत जास्त. मूळ कारण पाजण्याच्या काळात आहे: पिल्लांना ३० अंशांच्या वर ऊब लागते, आईला वीसच्या आसपास बरं वाटतं, आणि आपण खोली पिल्लांच्या मापाची ठेवतो. मग ती खात नाही, झडते, आणि माज लांबतो. पिल्लांना कोपऱ्यात वेगळा दिवा, आणि आईच्या मानेवर थेंब थेंब पाणी व वारा, असं दोन तापमानांत घर वाटून द्यावं लागतं.

आटवलेल्या गाई आणि पुढच्या वर्षाचा हिशोब

दूध देत नाही म्हणून आटवलेल्या गाईंना सगळ्यात वाईट कोपरा मिळतो. शेवटचे दीड-दोन महिने तापलेली गाय काही दिवस आधी विते, वासरू हलकं होतं, चिकातली रोगप्रतिकारक शक्ती त्याला नीट शोषता येत नाही, आणि गाईची कास पुरेशी नवी बांधली न गेल्यानं पुढच्या संपूर्ण वेतात दूध कमी निघतं. अशा गाईंच्या पोटी जन्मलेल्या कालवडी मोठ्या झाल्यावर दुधाला मागे पडतात असंही दिसलं आहे. म्हणजे पंखे दोनच टोळ्यांना पुरत असतील तर एक ताज्या व्यायलेल्यांची आणि दुसरी आटवलेल्यांची.

तारखा मागेपुढे करता येत असतील तर गणित सोपं आहे. गाईचा गाभणकाळ साधारण २८० दिवस, म्हशीचा ३१० च्या आसपास. तुमच्याकडे उकाडा ज्या महिन्यात सुरू होतो त्याच्या सात-आठ महिने आधी राहिलेल्या गाई बरोबर उन्हाळ्यात आटवलेल्या असतील. त्या ओळखून आतापासूनच त्यांची जागा ठरवा. भर उकाड्याचे पाच-सहा आठवडे जुन्या गाईंचं रेतन थांबवून फक्त कालवडी भरवायच्या, हा मार्ग काहींना पटत नाही कारण नंतर सगळ्या गाई एकदम भरवाव्या लागतात आणि एकदम वितात. माझ्या मते गार करायची सोय धड नसेल तर थांबणंच शहाणपणाचं. सोय असेल तर थांबू नका, पण त्या आठवड्यांतल्या रेतनांची नोंद वेगळ्या पानावर ठेवा आणि हवा थंड झाल्यावर दोन महिन्यांनी ती इतर महिन्यांच्या नोंदीशेजारी ठेवून बघा.